ठेव आणि ठेवा

तालुक्याच्या गावी एका बँकेत मी २९ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची ११ वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर गेली. या टेबलाला गर्दी कधी होणार हे आम्हाला पंचांग न बघता कळायचं. जूनमध्ये बियाणं आणि शाळेची फी एकाच आठवड्यात येऊन पडतात तेव्हा. पाऊस ओढ देतो तेव्हा. आणि एरवीही, कुणाच्या घरी अचानक दवाखाना निघाला की.

बाई येते. सोबत बहुधा कुणी नसतं, असलं तर शाळकरी पोर. पदराआडून मंगळसूत्र काढते आणि काचेखालून आत सरकवते. बँकेनं नेमलेला सराफ आधी काळे मणी बाजूला करतो, कारण त्यांचं वजन धरत नाहीत. वाट्या कसोटीच्या दगडावर घासतो, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडतो आणि वाकून बघतो. मग वजन. मग पिशवी, दोरा, लाख, शिक्का. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम.

असंच एकदा एका बाईंचं काम चाललं होतं. पिशवीला लाख लागली तसं त्यांनी कनवटीचं हळकुंड काढलं. पिवळ्या दोऱ्यात ते घरूनच ओवून आणलेलं होतं. काउंटरसमोर उभ्या-उभ्या त्यांनी ते गळ्यात बांधलं, गाठ ओढून बघितली आणि मला म्हणाल्या, "साहेब, सोडवायची तारीख जरा मोठ्या अक्षरात लिहा. मला वाचता आली पाहिजे." मी लिहिली. त्यांनी ती बोट ठेवून वाचली आणि गेल्या. रडणं नाही, नशिबाला बोल नाही. सोनं द्यायचं ठरलं त्याच वेळी गळा रिकामा ठेवायचा नाही हेही त्यांनी ठरवलं होतं. मी वीस वर्षांचा अनुभवी माणूस, पण त्या दिवशी पावतीबुकाचा कार्बन उलटा घातला.

आमच्या व्यवहारात ठेव म्हणजे रक्कम, मुदत, व्याजदर आणि वारसाचं नाव. कीर्तनकार ज्याला ठेवा म्हणतो ते काही निराळंच. लिहिताना एका कान्याचा फरक. तो मला निवृत्त झाल्यावर कळला आणि फुकट कळला नाही.

निवृत्तीचे पैसे हातात आले. त्यातले ११ लाख मी एका पतसंस्थेत ठेवले, दीड टक्का जास्त व्याज मिळत होतं म्हणून. नाव सांगत नाही. अशी संस्था तुमच्या गावातही असेल किंवा होऊन गेली असेल. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं (फेब्रुवारी २०२० पर्यंत ते एकाच लाखाचं होतं) आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही, हे मला माहीत होतं. टेबलावर बसून लोकांना मीच ते समजावून सांगायचो. तरी ठेवले. हाव म्हणा, दुसरा शब्द मला सापडत नाही. एका सोमवारी गेलो तर शटर अर्धं खाली, त्यावर खळीनं चिकटवलेला कागद आणि समोर दोन-अडीचशे माणसं. मुलीचं लग्न चार महिन्यांवर आलं होतं.

पुढचे पंधरा दिवस मी कुणाशी बोललो नाही. देवाशीही नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची पंढरीची वारी, संध्याकाळी दिवा लागला की हरिपाठ. तो मी बंद केला. बायको एकटीच म्हणायची, आणि मुद्दाम जरा वरच्या आवाजात, आतल्या खोलीत मला ऐकू यावा असा. मी कूस बदलायचो. सोळाव्या दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "अहो, पीठ संपलंय. वरचा डबा काढून द्या आणि दळण टाकून या."

गिरणीत रांग होती. डबा खाली ठेवला तर गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजावर ओरडला, "साहेब, तुमचे पण गेले म्हणे?" पण म्हणजे? त्याचे ७० हजार होते. माझ्या पुढे उभ्या असलेल्या मास्तरांचे तीन लाख. रांगेत चौघं निघाले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी त्या विषयावर तोंड उघडलं, तेही पिठाच्या धुरळ्यात, ओरडून ओरडून. घरी आलो. बायकोनं गरम पिठाच्या भाकऱ्या केल्या. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही, पण मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

त्यानंतर तुकोबांची गाथा काढली. घरात होतीच, दरवर्षी तिची पूजा व्हायची. या वेळी मात्र खातेवही वाचावी तशी वाचली, कुठं येणं आहे आणि कुठं देणं आहे ते बघत. कारण तुकोबा आमच्याच धंद्यातले. देहूचं ते घर दुकानदारीचं, सावकारीचं, महाजनकीचं. परंपरा सांगते की कारभार कोवळ्या वयात त्यांच्या अंगावर पडला. आई-वडील गेले. थोरल्या भावाची बायको गेली आणि तो घर सोडून तीर्थांना निघून गेला. त्यावर १६३० चा दुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात दोन्ही होरपळले, माणसं देशोधडीला लागली. तुकोबांचं दुकान बसलं. थोरली बायको उपासमारीत गेली, मुलगा गेला. यातलं बरंच त्यांनी स्वतःच अभंगातून सांगून ठेवलं आहे: धंद्यात आलेली खोट, अन्नावाचून गेलेली बायको, आणि या सगळ्याची वाटलेली लाज. लाजेपाशी मी पेन्सिलीनं खूण केली. संताला लाज वाटली होती. मग पतसंस्थेत पैसे बुडालेल्या बँकवाल्याला वाटली तर काय बिघडलं?

या लाजेनंतर त्यांनी काय केलं? गावातलं देवाचं देऊळ पडलं होतं, ते बांधायला घेतलं. हे त्यांच्याच शब्दांत आहे आणि माझ्या मते फार महत्त्वाचं आहे. दिवाळं वाजलेला माणूस उठतो आणि माती कालवायला लागतो. आमच्या बायकोचं दळण याच जातीचं.

दुसरी गोष्ट खतांची. ती महिपतींनी १८व्या शतकात लिहिलेल्या चरित्रातून घरोघरी पोचली आहे. लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतं घरात होती. तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. अर्धी खतं धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडली. मी आयुष्यभर वसुलीच्या नोटिसा लिहिलेला माणूस, ही गोष्ट वाचताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. पण वाटणी नीट बघा. भावाची खतं बुडवली नाहीत. देवाच्या नावावर सोडायचं ते आपलं, दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. आणि दुष्काळाच्या त्या दिवसांत ज्यांची खतं नदीत गेली, त्या ऋणकोंच्या घरात त्या रात्री काय झालं असेल? त्याबद्दल कुणी ओवी लिहिलेली नाही.

पुढं त्याच नदीत दुसऱ्यांदा कागद गेले. या वेळी अभंगांच्या वह्या होत्या, आणि त्या बुडवायला लावल्या होत्या. तुकोबा काठावर १३ दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. कुणी म्हणतं चमत्कार, कुणी म्हणतं अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून तरले. माझं दोघांशीही भांडण नाही. मला फक्त एवढं दिसतं, की एकाच माणसानं एकाच नदीत दोन वेळा कागद सोडले. पहिल्या खेपेला परत मागितले नाहीत, ते आलेही नाहीत. दुसऱ्या खेपेला जिवावर उदार होऊन मागितले. पुढं १८६९ साली मुंबई सरकारच्या मदतीनं गाथेचा पहिला खंड छापून निघाला. आज साडेचार हजारांच्या आसपास अभंग आपल्या हातात आहेत. त्या खतांवर एकूण किती रकमेचं येणं होतं, ते मात्र कुणालाही सांगता येणार नाही.

आणखी एक. त्या १३ दिवसांत तुकोबा डोळे मिटून शांत बसले होते अशी चित्रं आपल्याकडे काढतात. गाथेत मात्र ते विठ्ठलाशी भांडतात. जाब विचारतात, टोमणे मारतात, तू आहेस की नाहीस इथपर्यंत येतात. देवावर भरवसा असणारा माणूस कुरकुर करत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्याला गाथा वाचायला द्या. परक्याशी आपण असं भांडत नाही. मी जे पंधरा दिवस केलं तो अबोला होता. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

आता तुकोबांच्या धाकट्या बायकोबद्दल, जिजाईंबद्दल बोललं पाहिजे, कारण अशा उपदेशात त्यांना हमखास वगळतात किंवा कजाग ठरवून मोकळे होतात. पुण्याच्या सावकाराची लेक. दिल्या घरी दिवाळं वाजलं, नवरा डोंगरावर जाऊन बसला आणि ही बाई भाकरी बांधून त्याला शोधत भंडाऱ्याचा डोंगर चढायची. मुलांच्या तोंडात काय घालायचं हा प्रश्न तिच्यापुढं रोज होता आणि ती तो मोठ्यानं विचारायची. त्यात कजाग काय आहे? उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, "माझा देवावर विश्वास आहे, मी कामधंदा बघत नाही," तर त्याच्या घरात जिजाई कोण आहे ते आधी बघा. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या उपासावर चालवू नये. हे माझं मत आहे, वारकऱ्यांच्या घरात वाढून झालेलं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

हे सगळं मी कशासाठी लिहितोय? या वर्षी तुमच्यापैकी कुणाचं पीक गेलं असेल, कुणाची नोकरी. कुणाच्या घरात आजारपण असेल. अशा वेळी देवाच्या नावानं दारात बरेच लोक येतात, त्यांच्याबद्दल आधी सांगतो. ठेवा हा शब्द जपून ऐका. शेतात गुप्तधन आहे, पैशाचा पाऊस पाडतो, अमावास्येला अमुक द्या म्हणजे हंडा लागेल, असं सांगणारा माणूस भरभराटीच्या घरात शिरत नाही, त्याला अडलेलं घर बरोबर कळतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा ठरवले आहेत आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. सरळ पोलीस ठाण्यात जा. देवाची अवकृपा होणार नाही.

नवसाचंही तेच. देवाला हप्ते बांधून देऊ नका. बोकडासाठी, भंडाऱ्याच्या जेवणासाठी कर्ज काढून आमच्या टेबलावर आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि कागदावर कारण 'शेतीखर्च' लिहिताना माझा हात थबकायचा. कर्ज काढून देवधर्म करू नका, हे गाडगेबाबा गावोगाव खराटा फिरवत घसा फोडून सांगत होते. ते १९५६ साली गेले. आपण अजून ऐकतोच आहोत.

कर्ज झालंच असेल तर ते घरात सांगा. सगळ्यात आधी घरात. मग कागद बाहेर काढा आणि एका वहीत तारीखवार मांडा: कुणाचं, किती, कितीनं. आकडा मनात असतो तेव्हा तो रोज वाढतो, कागदावर आला की जिथल्या तिथं थांबतो. खासगी सावकाराचं असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारा. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि अशा सावकारानं जमीन बळकावली असेल तर ती परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्ज करणं म्हणजे देवावरचा विश्वास उडणं नव्हे. औषध घेण्याचंही तसंच. रात्र रात्र झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझ्या त्या पंधरा दिवसांत मला तो माहीत असता तर मी लावला असता, हे आज निवृत्तीच्या वयात लिहायला मला संकोच वाटत नाही.

आणि देवाचं काय करायचं? रोजचं जे असेल ते सोडू नका. हरिपाठ असेल तर हरिपाठ, नमाज असेल तर नमाज, रविवारची प्रार्थना असेल तर ती. मन लागत नाही ही तक्रार मला मान्य नाही. मन लागत नसतानाही मी कॅशबुक जुळवलं आहे, आणि ते जुळलं आहे. काहीच नसेल तर दिवा लावून पाच मिनिटं त्याच्यासमोर बसा आणि भांडा.

ठेवा म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या मला करता येणार नाही, तो कीर्तनकारांचा प्रांत. मला फक्त तो तपासायची रीत माहीत आहे, टेबलावर रोज बघितलेली. दगडावर पितळ घासलं तरी पिवळी रेघ येते आणि सोनं घासलं तरी येते. सराफ थेंब सोडतो. पितळेची रेघ फसफसून जाते. माझ्यावर तो थेंब पडला तेव्हा बऱ्याच रेघा गेल्या. पतसंस्थेचा एक पदाधिकारी रोज माझ्याबरोबर चहा घ्यायचा, तो आता रस्ता ओलांडून पलीकडून जातो. बँकेतला माणूस म्हणून गावात असलेली माझी ऐट गेली. माझ्या श्रद्धेची रेघही गेली होती हे कबूल करतो, पंधरा दिवस तिथं काही नव्हतं. बायकोची राहिली. आमच्या शाखेतला निवृत्त शिपाई रुमालात बांधून १० हजार रुपये घेऊन आला आणि चिठ्ठी लिहून देतो म्हटलं तर रागावला. मुलगी म्हणाली, "बाबा, हॉल रद्द करा." व्याही स्वतः आले आणि म्हणाले की लग्न देवळात लावू, साठ माणसं पुरेत. लग्न झालं. जेवायला वरण-भात, बटाट्याची भाजी, जिलबी होती आणि पंगत अंगणात बसली.

माझ्या ११ लाखांपैकी आजवर दोन लाख ४० हजार परत मिळाले आहेत. बाकीच्यासाठी आम्ही ठेवीदार मिळून पाठपुरावा करतो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी निबंधक कार्यालयात जातो, मास्तर, गिरणीवाला आणि मी. फाइल देवघराच्या खालच्या खणात असते. पैसे परत मिळोत असं मी देवाला रोज म्हणतो, खोटं कशाला बोलू.

त्या हळकुंडवाल्या बाई चौदा महिन्यांनी आल्या होत्या. पावतीची घडी झिजून चार तुकडे व्हायला आली होती. व्याजासकट पैसे मोजून दिले, पिशवीची लाख माझ्यासमोर फोडली, वाट्या निरखून बघितल्या आणि मंगळसूत्र घातलं. गळ्यातलं हळकुंड सोडून कपाळाला लावलं आणि पुन्हा कनवटीला खोचलं. "आता कशाला?" मी विचारलं. "असू दे की," म्हणाल्या.

तुमच्या आळीत कुणीतरी असा गप्प झालेला असेल. दिवसा दार लावून घेतो, रस्त्यात भेटला तर मान खाली घालतो. त्याला यातलं काही सांगायला जाऊ नका. उद्या दळण टाकायला निघाल की त्याच्या दारात थांबून हाक मारा आणि म्हणा, तुमचाही डबा द्या, नाहीतर चला बरोबर.